उंदराच्या शिरेतली गुठळी: दोरा हातात घेण्याआधी

नवीन आलेलं पोर पहिल्याच दिवशी विचारतं, "मॅडम, गुठळी करायची कशी?" मी उलट विचारते, तुला बघायचंय काय? गुठळी धरते कशी, की धरलेली विरघळते कशी?

विरघळणं बघायचं असेल तर पोटातली मोठी नीला, इन्फिरिअर व्हेना केव्हा, पूर्ण बांधा. जवळजवळ प्रत्येक उंदरात गुठळी मिळते, गुठळ्यांची वजनंही फारशी मागेपुढे नसतात. पण तिथून रक्त वाहत नसल्यामुळे शिरेतून दिलेलं औषध गुठळीपर्यंत नीट पोचत नाही. औषध तपासायला ही पद्धत नकोच.

गुठळी धरते कशी हे बघायचं तर नीला अर्धवट आवळा. एथिक्स समितीची मंजुरी हातात हवी, वेदनाशामक भुलीसोबतच द्या. पोट उघडून आतडी बाजूला घ्या, सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉझमध्ये गुंडाळा. मग डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेच्या लगेच खाली नीला महाधमनीपासून सोडवा. हात थरथरतो तो इथेच. चिमट्यात शीर धरायची नाही, भोवतीची चरबी धरायची. शीर चिमटलीत तर आतलं अस्तर दुखावतं, आणि मग गुठळी मंदावलेल्या रक्ताची की जखमेची, हे तुम्हालाही सांगता येणार नाही. (जखमच हवी असेल तर शिरेचं अस्तर दुखावणारं रसायन, फेरिक क्लोराइड, आहे.) आता नीलेवर ३० गेजची सुई लांबीच्या दिशेनं ठेवा, दोघींभोवती गाठ मारा, सुई अलगद ओढून घ्या. सुईएवढीच वाट उरते.

एकदा मी दहा उंदीर केले. ४८ तासांनी उघडले तर चौघांत काहीच नाही. आठवडाभर दोऱ्याला शिव्या घातल्या. नंतर फोटो काढून बघितले, तर त्या चौघांत गाठीच्या अगदी खाली एक बाजूची फांदी होती. रक्त तिकडून निघून जात होतं. तेव्हापासून शस्त्रक्रियेच्या वेळीच प्रत्येक उंदराच्या फांद्या वहीत काढते. कुठल्या उंदराला वगळायचं हा नियमही सुरुवातीलाच लिहून ठेवा, निकाल बघून नव्हे. गुठळी न झालेले उंदीर मोजणीतून गुपचूप गाळू नका, ते शून्यही आकडाच आहे.

जोडीला शॅम गट ठेवा: सगळं तेच, फक्त गाठ नाही.

गुठळी काढल्यावर टिपकागदावर हलकेच टेकवून ओल टिपा आणि लगेच मिलिग्रॅममध्ये वजन करा. मी ते स्वतः करत नाही. कुठला उंदीर कुठल्या गटातला हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हाती नुसता नंबर घातलेली कुपी देते.