बेसबॉलची लाइव्ह मॅच फोन-लॅपटॉपवरून टीव्हीवर: कास्ट, मिरर की सरळ केबल?

आधी टीव्हीत एमएलबीचं, म्हणजे मेजर लीग बेसबॉल या अमेरिकेतल्या मुख्य लीगचं ॲप टाकता येतंय का ते बघा. रोकू, फायर टीव्ही, ॲपल टीव्हीचा डबा, गूगल टीव्ही, यांच्यावर ते मिळतं, टीव्हीवर जो कोड दिसतो तो फोनवर टाकून लॉगिन करायचं आणि मग फोनचा संबंधच संपला. असं होत असेल तर पुढचं वाचायची पण गरज नाही, खरंच. हे सगळं त्यांच्यासाठी आहे ज्यांचा टीव्ही जुना आहे, ॲप आहे पण सारखं अडकतंय, किंवा दुसऱ्याच्या घरी बसलोय आणि त्यांच्या टीव्हीत आपला पासवर्ड टाकायचा नाहीये.

आता मुख्य मुद्दा. कास्ट करणं आणि मिरर करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक दोन्हीला सरसकट "टीव्हीला कनेक्ट केलं" म्हणतात, मग मॅच अडकली की नेमकं काय बिघडलंय तेच कळत नाही. कास्ट म्हणजे फोन टीव्हीला फक्त पत्ता सांगतो आणि माल आणायला टीव्ही स्वतः जातो. मिरर म्हणजे सगळं ओझं फोनच्या डोक्यावर, तो मॅच उतरवून घेणार, स्क्रीनचं चित्र परत दाबून बारीक करणार आणि वायफायवरून टीव्हीकडे ढकलणार, ते पण अडीच-तीन तास सलग. २०२३ ला पिच क्लॉक, म्हणजे पिचरने ठराविक सेकंदांत बॉल टाकायचाच असं घड्याळ, आल्यापासून मॅच बऱ्याच लवकर आटपतात तरी तेवढा वेळ जातोच. बॅटरी जाते, फोन तापतो, मधेच कोणाचा फोन आला की टीव्हीवर त्याचं नाव झळकतं आणि मेसेज आले की तेही सगळ्यांसमोर.

आणि बेसबॉलला मिररिंग जास्तच नडतं. ताशी ९५ मैलांचा फास्टबॉल पिचरच्या (बॉल टाकणाऱ्याच्या) हातातून सुटून प्लेटपर्यंत, म्हणजे बॅटरपाशी यायला साधारण ०.४ सेकंद लागतात. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर तेवढ्यात २४ चित्रं दिसतात, ३० वर आलं की १२, आणि मिररिंगमध्ये वायफाय जरा दमलं तर त्यातलीही काही गळतात. मग बॉल सुटलेला दिसतो आणि थेट कॅचरच्या ग्लोव्हमध्ये दिसतो, मधे स्लायडर (आडवा वळणारा पिच) वळला की नाही काही पत्ता नाही. पिच बघायलाच तर बसलोय ना आपण? म्हणून माझा क्रम असा, आधी कास्ट किंवा एअरप्ले (ॲपलचं कास्ट), ते नाही जमलं तर केबल, आणि मिररिंग अगदी शेवटी.

फोनवरून कास्ट

टीव्हीत गूगल कास्ट असलं किंवा मागे क्रोमकास्ट (टीव्हीला लावायचं गूगलचं छोटं यंत्र) लावलेलं असलं तर फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर आणा, ॲप उघडा, मॅच चालू करा, प्लेअरवर कोपऱ्यात टीव्हीसारखा चौकोन आणि त्यात वायफायच्या रेघा असं चिन्ह दिसेल, ते दाबून टीव्ही निवडा. बास. क्रोमकास्ट फक्त अँड्रॉइडवाल्यांसाठी असतं असा एक गैरसमज आहे, तसं काही नाही, आयफोनवरच्या एमएलबी ॲपमधूनही कास्ट होतं. गूगलने २०२४ मध्ये क्रोमकास्ट बनवणं थांबवलं पण घरात जुनं पडलं असेल तर फेकू नका, अजून कामाचं आहे.

आयफोन, आयपॅडवाल्यांना दुसरा रस्ता एअरप्लेचा. ॲपलचा डबाच पाहिजे असं नाही, २०१९ पासून सॅमसंग, एलजी, सोनी, विझिओच्या बऱ्याच टीव्हींमध्ये एअरप्ले २ आलंय, ४के वाल्या बऱ्याच रोकूंवर पण आहे. फक्त एक लक्षात ठेवा, एअरप्लेचं बटण दोन ठिकाणी असतं. व्हिडिओ प्लेअरच्या आतलं दाबलं तर नुसता व्हिडिओ टीव्हीवर जातो आणि फोन मोकळा राहतो. वरून कंट्रोल सेंटर ओढून स्क्रीन मिररिंग दाबलं तर अख्खा फोन टीव्हीवर. पहिलंच वापरायचं.

एकदा कास्ट झालं की फोन हा रिमोट. मॅच चालू असताना फोनवर बाकी काहीही करा, स्क्रीन बंद करा, खिशात टाका. ॲप मात्र जोरात स्वाइप करून बंद करू नका, मॅच टीव्हीवर बहुतेक चालू राहते पण मग पॉज करायला परत जोडत बसावं लागतं.

टीव्ही यादीत दिसतच नाही

सगळ्यात जास्त डोकं इथे खातं, म्हणून जरा सविस्तर.

फोन घरच्या वायफायवर आणि टीव्ही गेस्ट नेटवर्कवर असेल तर दोघं एकमेकांना दिसणार नाहीत, गेस्ट नेटवर्क असतंच त्यासाठी की पाहुण्याचं उपकरण घरातल्या बाकीच्यांना दिसू नये. फोन मोबाइल डेटावर गेलाय आणि आपल्या लक्षात नाही, हे पण होतं. व्हीपीएन चालू असेल तर बंद करा, कारण फोनचा सगळा ट्रॅफिक व्हीपीएनच्या बोगद्यातून बाहेर जातो आणि घरातला टीव्ही शोधायला काही उरत नाही. आयफोनवर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीच्या आत लोकल नेटवर्क म्हणून यादी असते, तिथे ॲपला परवानगी दिलीये का बघा, पहिल्यांदा विचारलं तेव्हा घाईत नको दाबलेलं असतं आणि नंतर ॲप बिचारं गप्प बसतं. अँड्रॉइडवर जवळची उपकरणं अशी परवानगी असते, तेच.

हे सगळं बरोबर असून दिसत नसेल तर टीव्ही रिमोटने बंद-चालू करून उपयोग नाही, तो नुसता झोपतो आणि उठतो. प्लग काढा, अर्धा मिनिट थांबा, परत लावा. राउटरचंही तसंच. हॉटेलच्या वायफायवर मात्र वेळ घालवू नका, तिथे खोलीतली उपकरणं एकमेकांना दिसू नयेत अशीच व्यवस्था असते आणि वर लॉगिनचं पान, सरळ केबल काढा.

दिसतंय, चालतंय, पण दर पाच मिनिटांनी गोल फिरतंय, तर कास्टमध्ये इंटरनेट टीव्ही खेचतोय हे आठवा. फोनवर स्पीड टेस्ट करून "माझं नेट तर मस्त आहे" म्हणून काही सिद्ध होत नाही, टीव्हीपाशी काय पोचतंय ते बघायचं. टीव्ही २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर असेल तर ५ वर टाका, आणि राउटर जवळ असेल तर सरळ लॅन केबल टाका. एचडी मॅचला सलग १० एमबीपीएसच्या आसपास मिळत राहिलं तरी पुरतं, मधेच ८० आणि मधेच २ असं नको.

लॅपटॉपवरून

लॅपटॉप असेल तर माझं स्पष्ट मत, एचडीएमआय केबल लावा आणि विषय संपवा. वायफायचं लफडं नाही, फ्रेम गळत नाहीत. विंडोजवर विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबलं की चार पर्याय येतात, त्यातला फक्त दुसऱ्या स्क्रीनचा पर्याय घ्या, डुप्लिकेट घेतलं तर कधीकधी लॅपटॉपच्या स्क्रीनचं रिझोल्यूशन टीव्हीवर लादलं जातं आणि चित्र भुरकट दिसतं. आवाज लॅपटॉपमधूनच येत राहिला तर खाली स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आउटपुट टीव्ही करा. डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट ६० हर्ट्झ आहे ना तेवढं तपासा, जुन्या केबलवर ४के लावलं की तो गुपचूप ३० वर उतरतो आणि मग वर सांगितलेलं बॉल गायब होण्याचं प्रकरण सुरू. तसं झालं तर ४के सोडून १०८० वर या, मॅचला ते भरपूर आहे. आणि लॅपटॉपचं झाकण बंद केलं की तो झोपतो, ते पॉवर सेटिंगमध्ये बदलता येतं.

केबल नसेल तर क्रोममध्ये वरचे तीन ठिपके, त्यात कास्ट. पण आधी वेबसाइटच्या प्लेअरमध्येच कास्टचं चिन्ह आहे का बघा, ते असेल तर खरं कास्ट होतं. ठिपक्यांमधून अख्खा टॅब पाठवला तर ते मिररिंगच झालं, नाव काहीही असो. विंडोजचं बटण आणि के दाबलं की मिराकास्टची (वायरशिवाय मिररिंगचं एक तंत्र) यादी येते, टीव्हीत मिराकास्ट असेल तर तिथे दिसेल. क्रोमकास्ट तिथे शोधू नका, दिसणार नाही, ती दोन वेगळी तंत्रं आहेत. मॅकवर कंट्रोल सेंटरमधून स्क्रीन मिररिंग, एअरप्लेवाला टीव्ही पाहिजे.

फोनला केबल लावायची असेल तर जरा सांभाळून. यूएसबी-सी असलेला प्रत्येक फोन चित्र बाहेर देतोच असं नाही, त्याला डिस्प्लेपोर्टची सोय लागते आणि बऱ्याच स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये ती नसते, मग कितीही अडॅप्टर बदला, काही होत नाही. विकत घ्यायच्या आधी आपल्या मॉडेलचं स्पेसिफिकेशन बघा. आयफोन १५ पासून यूएसबी-सी आहे आणि चित्र बाहेर येतं, त्याच्या आधीच्यांना लाइटनिंगवाला ॲपलचा डिजिटल एव्ही अडॅप्टर. चार्जिंगचं भोक असलेलाच अडॅप्टर घ्या नाहीतर नऊपैकी सातव्या इनिंगला फोन मान टाकेल.

आवाज येतोय, चित्र काळं

हे बिघडलेलं नसतं. व्हिडिओला कॉपी-संरक्षण असतं, एचडीएमआयवर त्याला एचडीसीपी म्हणतात, आणि मधल्या साखळीत एखादी कडी ते पाळत नसेल तर चित्र बंद केलं जातं. मिररिंगमध्ये आणि टॅब कास्टमध्ये हे जास्त होतं, आणि नाव नसलेल्या स्वस्त अडॅप्टर, स्प्लिटरमध्ये तर हमखास. उपाय म्हणजे मिररिंग सोडून खरं कास्ट करा, मधला स्प्लिटर काढून टीव्हीला थेट जोडा, दुसरं एचडीएमआय पोर्ट वापरून बघा.

मॅचच दिसत नाही, "तुमच्या भागात उपलब्ध नाही" येतं, तो वेगळा विषय, तो ब्लॅकआउट. अमेरिका-कॅनडात एमएलबी टीव्हीवर, म्हणजे लीगच्या पैसे भरून बघायच्या स्ट्रीमिंगवर, तुमच्या भागातल्या टीमची मॅच लाइव्ह दिसत नाही कारण ती स्थानिक चॅनेलला विकलेली असते. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात तर कब्स, व्हाइट सॉक्स, कार्डिनल्स, ब्रुअर्स, ट्विन्स, रॉयल्स अशा सहा टीम अडतात, आणि राज्यात स्वतःची मेजर लीग टीम एकही नाही! कॅनडात अख्ख्या देशात ब्लू जेज. कास्ट केलं, केबल लावली, काहीही केलं तरी हे सुटत नाही कारण अडवणूक अकाउंट आणि लोकेशनवर आहे, टीव्हीवर नाही. उलट फोनचं लोकेशन बंद असेल तर दिसणारी मॅच पण अडते, तेवढं चालू ठेवा. अडलेली मॅच संपल्यावर ९० मिनिटांनी बघता येते. रेडिओ कॉमेंट्रीला हा ब्लॅकआउट नसतो, आणि खरं सांगायचं तर काही टीमचे रेडिओवाले टीव्हीवाल्यांपेक्षा कैक पटीने भारी आहेत. शुक्रवारच्या काही मॅच २०२२ पासून ॲपलकडे असतात आणि वर्ल्ड सिरीज २००० पासून फॉक्सकडे, त्या एमएलबी ॲपमध्ये शोधत बसू नका, त्यांचं ॲप उघडून तेच कास्ट, तीच केबल.

टीव्हीच्या दोन सेटिंग

कोपऱ्यातला स्कोअरचा डबा अर्धा कापलेला दिसत असेल तर टीव्हीच्या पिक्चर साइझमध्ये जस्ट स्कॅन किंवा स्क्रीन फिट असं काहीतरी असतं ते लावा. आणि मोशन स्मूदिंग, प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय, ते बंद करा. मधल्या फ्रेम टीव्ही स्वतःच्या मनाने बनवतो आणि एवढा छोटा पांढरा बॉल प्रेक्षकांच्या गर्दीवरून उडाला की त्याला समजत नाही, बॉलला शेपूट येतं नाहीतर बॉल फाटतो. स्पोर्ट्स मोड पण मला आवडत नाही, गवत प्लास्टिकचं वाटायला लागतं, पण ते ज्याचं त्याने बघावं.

आता राहिलं स्पॉयलर. स्ट्रीम ही मैदानापेक्षा मागे चालते, अर्धा मिनिट तरी धराच, कधी जास्त. म्हणजे टीव्हीवर पिचर अजून कॅचरचा इशारा बघतोय आणि फोनवर होम रनचं नोटिफिकेशन येऊन पडलेलं असतं. एमएलबी ॲपची नोटिफिकेशन्स मॅचपुरती बंद करा, बाकीच्या स्कोअरवाल्या ॲप्सची पण, आणि मित्रांचा ग्रुप म्यूट करा कारण त्यात एकजण केबल टीव्हीवर बघणारा असतोच असतो. उशिरा बघायला बसणार असाल तर ॲपमध्ये स्कोअर लपवायचं सेटिंग आहे ते आधी चालू करा, मग मॅच उघडा. तरी प्लेअरखालच्या पट्टीकडे बघू नका, नववी इनिंग चालू आहे आणि पट्टी अजून तासभर शिल्लक आहे म्हणजे बरोबरी होऊन एक्स्ट्रा इनिंग झाल्या हे न सांगता कळतं, आणि नवव्या इनिंगचा पहिला अर्धा (पाहुण्या टीमची बॅटिंग) संपताना पट्टी पण संपत आली असेल तर घरची टीम जिंकली, तिला बॅटिंग करायची गरजच पडली नाही. कास्ट केलेलं असताना ही पट्टी टीव्हीवर फक्त पॉज केलं किंवा पुढे-मागे केलं की उगवते, तर तेवढा वेळ बटणापासून हात लांब ठेवा.