बसकण मारणाऱ्या बॅगेला पाय फुटले

डिस्क गोल्फसाठी, म्हणजे प्लॅस्टिकच्या चकत्या फेकून टोपलीत टाकायच्या खेळासाठी, स्वस्तातली बॅग घेतली. रिकामी झकास उभी राहायची, बारा डिस्क भरल्या की बसकण मारायची. एक डिस्क साधारण १७५ ग्रॅमची, म्हणजे दोन किलोंच्या वर वजन आणि तळाला नुसतं कापड! प्रत्येक थ्रोनंतर बॅग चिखलातून उचलायची. वैताग नुसता.

शेवटी अर्धा इंची पीव्हीसी पाइप, चार एल्बो (काटकोनी जोड) आणि दोन टी (तीन तोंडांचे जोड) आणले. तळाला आयताकृती चौकट, दोन्ही बाजूंच्या टीमधून वर दोन दांडे, त्यांना केबल टायने बॅगेची पाठ बांधली. पहिला प्रयोग सपशेल फसला: चौकट बॅगेएवढीच केल्याने भरलेली बॅग मागे कलंडली. नशीब, सोल्यूशन लावलं नव्हतं. टीच्या मागचे तुकडे चार बोटं लांब कापले, तेव्हा कुठे बॅगेने ठाण मांडलं. मगच जोड चिकटवले. कापलेली टोकं आधी पॉलिश पेपरने घासली. तो खरखरीत काठ कापड फाडतो. तळात प्लॅस्टिकच्या जुन्या चॉपिंग बोर्डाचा तुकडा बसवला.

चालताना एल्बो मांडीला लागतो, तेवढं मात्र आहे. सध्या तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलाय.