उन्हाळ्यात मत्स्यटाकीचे पाणी थंड ठेवताना
पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू घटतो (२० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना जेमतेम साडेसात), आणि माशांची गरज मात्र त्याच वेळी वाढते. म्हणून मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागण्याआधीच टाकीचे काचेचे झाकण काढून तेथे जाळी बसवावी व छोट्या पंख्याचा वारा पाण्यावर तिरका सोडावा. बाष्पीभवनामुळे पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. विदर्भाच्या कोरड्या हवेत हा उपाय उत्तम चालतो, कोकणच्या दमट हवेत त्याचा गुण कमी येतो. घटलेले पाणी क्लोरीनविरहित पाण्याने रोज भरून काढावे आणि हवेचा पंप रात्रीही चालू ठेवावा. बर्फ मात्र थेट टाकीत कधीही टाकू नये, कारण तापमानातील अचानक घसरण माशांना सोसत नाही.