परतीच्या दिवशी जुने शहर पाहताना या चुका टाळा

प्रवासाचा शेवटचा दिवस पूर्ण हातात आहे असे समजून आखणी करणे, ही बाकीच्या बहुतेक चुकांना जन्म देणारी चूक आहे. विमान रात्री ९ वाजताचे असले, तरी आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी तीन तास आधी पोहोचायचे, संध्याकाळच्या गर्दीतून विमानतळ गाठायला दीड तास धरायचा आणि त्याआधी ठेवलेले सामान ताब्यात घ्यायला अर्धा तास, असा उलटा हिशेब मांडला की भटकंती दुपारी ४ वाजताच संपते. सकाळी १० वाजता खोली सोडणाऱ्याकडे म्हणजे सहाच तास उरतात. तेवढ्या वेळात एक जुनी वस्ती आणि तिला लागून असलेला कलादालनांचा भाग निवांतपणे पाहून होतो. शहराच्या दोन टोकांना असलेले दोन भाग मात्र होत नाहीत, कारण मधला वेळ वाहनातच जातो. मध्यरात्रीनंतरच्या विमानाची तारीख तर चांगल्या जाणत्या प्रवाशांनाही चकवते. १५ तारखेला ००.३० वाजता सुटणाऱ्या विमानासाठी १४ तारखेच्या संध्याकाळीच निघावे लागते.

दुसरी चूक क्रमाची आहे. जुन्या वस्तीतील गल्ल्या, चौक आणि इमारतींचे दर्शनी भाग सकाळी लवकर पाहावेत, कारण तेव्हा पर्यटकांचे गट आलेले नसतात आणि ऊनही तिरपे असल्यामुळे दगडावरचे कोरीवकाम उठून दिसते. खासगी कलादालने आणि चित्रकारांचे स्टुडिओ सहसा उशिरा उघडतात. हा क्रम उलटवला, तर सकाळी बंद दारे आणि दुपारी गर्दी वाट्याला येते.

साप्ताहिक सुट्टी न पाहता निघणे ही चूक शेवटच्या दिवशी अधिक महागात पडते, कारण ‘उद्या येऊ’ असे म्हणण्याची सोय नसते. संग्रहालये सोमवारी बंद असतात, हा सर्वसाधारण समजही पुरेसा नाही. पॅरिसमधील ओर्से संग्रहालय आणि फ्लॉरेन्समधील उफिझी सोमवारी बंद असतात, पण लूव्र आणि इस्तंबूलचा तोपकापी राजवाडा मंगळवारी बंद असतो. इस्तंबूलचा जुना झाकलेला बाजार रविवारी बंद असतो, तर ताजमहाल शुक्रवारी. तरीही दार बंद आढळलेच, तर दूरच्या दुसऱ्या संग्रहालयाकडे धावण्यापेक्षा त्याच परिसरातील भित्तिचित्रे, अंगणे आणि पायऱ्यांच्या वाटा पाहाव्यात. माझ्या मते शेवटच्या दिवशी तिकीट काढून आत जाण्याचे एकच ठिकाण ठरवावे.

सामान बरोबर घेऊन फिरू नये, हे वेगळे सांगायला नको. तरी चाकांची बॅग खडबडीत फरसबंदीवरून ओढत नेणारे प्रवासी प्रत्येक जुन्या शहरात दिसतात. व्हेनिसमध्ये चारशेहून अधिक पूल आहेत आणि त्यांतील बहुतेकांना पायऱ्या आहेत. शिवाय अनेक संग्रहालयांत मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत. सामान हॉटेलात किंवा लॉकरमध्ये ठेवताना ती जागा बंद होण्याची वेळ विचारून घ्यावी. पासपोर्ट, औषधे आणि पॉवर बँक मात्र जवळच असावी.

सर्वांत गुंतागुंतीच्या चुका खरेदीत होतात. सामान आधीच बांधून झालेले असते आणि त्याच दिवशी चित्र आवडते. नव्या तैलचित्राचा वरचा थर हाताला कोरडा लागला, तरी रंग आतून पूर्ण वाळायला काही महिने लागू शकतात, म्हणून चित्र कधी पूर्ण झाले हे चित्रकाराला विचारावे. वाळलेला कॅनव्हास गुंडाळायचा असेल, तर रंगाची बाजू बाहेर ठेवून रुंद नळीवर गुंडाळावा, कारण आत ठेवल्यास रंगाचा थर दाबला जाऊन सुरकुततो. काचेची चौकट तिथेच सोडून द्यावी. टर्पेंटाईन आणि रंगाचे स्प्रे ज्वलनशील असल्यामुळे विमानात कोणत्याच सामानातून नेता येत नाहीत, आणि शाईची मोठी बाटली हाताच्या सामानात ठेवली, तर १०० मिलिलिटरच्या मर्यादेमुळे बहुतेक ठिकाणी सुरक्षा तपासणीत काढून घेतली जाते.

जुनी वस्तू घेताना त्याहून अधिक सावध राहावे. भारतात १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या शिल्प-चित्रांसारख्या वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि अशा प्रकारचे निर्बंध इतर अनेक देशांतही आहेत. विक्रेत्याचे ‘काही होत नाही’ हे आश्वासन सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे उपयोगी पडत नाही; वस्तूचा काळ नमूद केलेली पावती मात्र उपयोगी पडते. युरोपीय संघातून परतताना खरेदीवरील कर परत मागायचा असल्यास वस्तू सीमाशुल्क कक्षात दाखवावी लागू शकते, त्यामुळे ती मोठ्या बॅगेत बंद करून विमान कंपनीकडे सोपवण्याआधी हे काम उरकावे आणि त्यासाठीचा वेळही वरच्या उलट्या हिशेबात धरावा.