घरच्या पूलवर सोलर कव्हर: कधी अंथरायचं, कधी काढायचं, कसं टिकवायचं

सोलर कव्हर म्हणजे पूलच्या पाण्यावर तरंगणारी, हवेच्या फुग्यांची (बबल) प्लास्टिकची शीट. ती विकणारा सांगतो, "पाणी गरम राहील." ते खरंच आहे. पण पुणे-नाशिककडच्या कोरड्या हवेत या कव्हरचा मोठा फायदा पाणी वाचण्यात आहे. बंगल्यातला ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद पूल घ्या. पाण्याची पातळी दिवसाला ५ मिलिमीटरने उतरली तर १६० लिटर पाणी उडालं. महिन्याचा हिशेब ४,८०० लिटर, म्हणजे जवळपास एक छोटा टँकर. शिवाय उडणारं प्रत्येक लिटर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतं. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणाने. पूलची खोली सव्वा मीटर धरली तर त्या १६० लिटरमुळे सगळ्या पाण्याचं तापमान रोज दोन अंशांहून जास्त उतरतं; ऊन ते भरून काढतं, म्हणून आपल्याला जाणवत नाही.

म्हणजे कव्हर पाणी तापवत नाही, आहे ती उष्णता धरून ठेवतं. खरं तर ते थोडं ऊन अडवतंच. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीप्रमाणे पारदर्शक बबल कव्हरमुळे पाण्यात शिरणारी सूर्याची उष्णता ५ ते १५ टक्क्यांनी कमी होते, तर पूर्ण अपारदर्शक कव्हरने २० ते ४० टक्क्यांनी. थंडीसाठी हवं असेल तर फिकट निळं, पारदर्शक कव्हर घ्या. पाणी वाचवणं हाच मुख्य हेतू असेल तर अपारदर्शक चालेल. प्लास्टिक यूव्ही-रोधक, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांना टिकणारं, आहे ना, हे विचारून घ्या.

आधी गळती तपासा. पूलच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवा. बादलीच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे पाण्याच्या पातळीवर खूण करा. पंप नेहमीसारखा चालू द्या, पण पाणी वरून भरू नका. दुसऱ्या दिवशी बाहेरची पातळी आतल्यापेक्षा जास्त उतरलेली दिसली, तर पाणी कुठेतरी गळतंय. त्यावर कव्हर हा उपाय नाही.

मापाने कापणं. शीट पूलपेक्षा थोडी मोठी घ्या आणि फुगे खाली, पाण्याकडे येतील अशी पसरा. हे उलटं करणारे बरेच भेटतात. घड्या मोडून शीट सपाट होईपर्यंत एक-दोन दिवस उन्हात तशीच तरंगू द्या, मग चांगल्या कात्रीने पाण्याच्या कडेकडेने कापा. घाईने पहिल्याच दिवशी कापली तर कडेला फट राहते.

रोजचा वापर. थंडीत पूल वापरात नसेल तेव्हा दिवसरात्र कव्हर घालून ठेवा. अडवलेल्या उन्हापेक्षा वाचलेली उष्णता जास्त असते. कव्हरखाली वरचा थर कोमट आणि तळ गार राहतो, म्हणून पंप दुपारी चालवा, पाणी ढवळलं जातं.

एप्रिल-मेमध्ये मात्र हा क्रम बदलायला हवा. पाणी ३१-३२ अंशांच्या वर गेलं की पोहायला मजा येत नाही, शेवाळ धरतं आणि क्लोरीनही लवकर संपतं. अशा वेळी दिवसा कव्हर ठेवा, कारण ऊन आणि वाऱ्याने पाणी तेव्हाच जास्त उडतं. रात्री काढा म्हणजे पाणी निवेल. थोडं पाणी जाईल, पण तेवढं सोसावं. अलिबागसारख्या दमट हवेत तसंही बाष्पीभवन कमी होतं, त्यामुळे तिथे उन्हाळाभर कव्हर गुंडाळून ठेवलं तरी फारसं बिघडत नाही.

पोहण्यापूर्वी कव्हर पूर्ण काढा. अर्धं सरकवून उरलेल्या भागात पोहणं जिवावर बेतू शकतं, कारण खाली अडकलेल्या माणसाला वर यायला वाट मिळत नाही आणि वरून तो दिसतही नाही. हे कव्हर कुणाचंही वजन पेलत नाही, लहान मुलाचंसुद्धा. कुंपण आणि मुलांवरचं लक्ष यांची जागा ते घेऊ शकत नाही.

क्लोरीनपासून जपा. पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप) ७.२ ते ७.६ दरम्यान ठेवा. क्लोरीनचा मोठा डोस दिला की पातळी पुन्हा ३ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ३ भाग) आसपास येईपर्यंत कव्हर बाहेरच असू द्या. नाहीतर कोंडलेला क्लोरीन फुग्यांचं प्लास्टिक ठिसूळ करतो. एरवी कव्हरमुळे क्लोरीन कमी लागतो, कारण ऊन त्याला मारतं आणि तेच ऊन आता कमी पोचतं. म्हणून जुन्या सवयीने डोस टाकू नका, चाचणी करून टाका.

काढल्यावर. रोलर असेल तर काम सोपं, पण गुंडाळलेलं कव्हर उघड्या उन्हात सोडू नका. थरांमध्ये उष्णता कोंडून फुगे फुटतात, थर सुटतात. त्यावर पांढरी चादर किंवा ताडपत्री टाका. आठवड्यातून एकदा पाण्याच्या पाइपने धुवा; चिकट थर असेल तर सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे. प्रेशर वॉशर नको. सुकी पानं कव्हर ओढण्याआधी जाळीने उचला, नाहीतर सगळी पूलमध्ये जातात.

जूनमध्ये पाऊस लागला की कव्हर धुऊन, पूर्ण वाळवून, सावलीत उंचावर ठेवा. अडगळीच्या खोलीत उंदीर ते कुरतडतात. पूलवरच राहिलं तर पावसाचं पाणी वर साचतं, आणि लहान मुलांना तेवढं पाणीही धोक्याचं असतं.

एखाददुसरा फुगा फुटला म्हणून लगेच कव्हर बदलायची गरज नाही. स्किमरच्या (पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या भागाच्या) टोपलीत निळ्या प्लास्टिकचे तुकडे दिसू लागले की मात्र कव्हर काढून टाका, कारण यापुढे ते तुकडे पंपाकडे जाणार.