नाचाच्या सरावाला जमीन कशी हवी?

नाचाची खोली सजवताना सगळ्यांचं लक्ष आधी आरशाकडे जातं. खरं तर पहिला खर्च पायाखाली करावा. फरशी किंवा सिमेंटचा कोबा अजिबात दबत नाही, त्यामुळे उडी मारून उतरल्यावर बसणारा दणका थेट घोटा, नडगी आणि गुडघ्यात जातो. वर नुसतं व्हिनाइल, म्हणजे प्लॅस्टिकचं आवरण, अंथरलं तरी खालचा कोबा कोबाच राहतो.

म्हणून आधी खालचा थर बघा. लाकडी पट्ट्यांची चौकट, तिच्याखाली रबर किंवा फोमचे तुकडे आणि वर प्लायवूडचे दोन थर, सांधे एकावर एक न येऊ देता. अशी जमीन पाय टेकताच किंचित दबते आणि लगेच वर येते. जिमच्या जाड फोम मॅट मात्र नकोतच! गिरकी घेताना पाऊल रुततं, अंग फिरतं आणि गुडघा पिळवटतो.

वरचा थर नाचाप्रमाणे निवडा. बॅलेला आणि अनवाणी आधुनिक नृत्याला चमक नसलेलं व्हिनाइल चांगलं. टॅपला, म्हणजे बुटांच्या तळाच्या धातूच्या पट्ट्या आपटून ताल धरण्याच्या नाचाला, लाकूडच हवं, आवाज त्यातूनच खुलतो. लाकडाला मेणाचं पॉलिश मात्र करू नका, पाय सटकतो.

निवड पक्की करण्यापूर्वी नमुन्याच्या तुकड्यावर, नेहमी ज्या पायांनी नाचता तसेच, म्हणजे अनवाणी किंवा बूट घालून, चार गिरक्या घ्या. तळवा चरचरला तर पकड जास्त आहे. आणि कोब्यात ओल असेल तर आधी ती घालवा, नाहीतर प्लायवूड फुगतं.