नोडमध्ये इव्हेंट एमिटर: लावलेला लिसनर काढायचा कसा

नोडसोबत (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड.जेएस) 'इव्हेंट्स' मॉड्यूल आयतंच येतं, एनपीएमवरून, म्हणजे पॅकेजांच्या साठ्यातून, काही उतरवायचं नसतं. रिक्वायर करा, एमिटर (इव्हेंट सोडणारा ऑब्जेक्ट) बनवा, 'ऑन'ने लिसनर (इव्हेंट आला की चालणारं फंक्शन) लावा, 'एमिट'ने इव्हेंट सोडा. एवढ्यासाठी वीस मिनिटांचा व्हिडिओ बघत असाल तर बंद करा.

इव्हेंटची नावं एका फाइलीत कॉन्स्टंट करून ठेवा. नावात एक अक्षर चुकलं तरी एमिट ओरडत नाही. ऐकणारं कुणी नसेल तर गुपचूप फॉल्स परत देतं.

एमिटर बनवला की पुढच्याच ओळीत 'एरर'चा लिसनर लावा. तो नसताना एरर एमिट झाला तर थ्रो होतो, आणि कुठे पकडलेला नसेल तर अख्खी प्रोसेस बसते.

आणि एमिट सिंक्रोनस आहे, कृपा करून हे डोक्यात ठेवा. सगळे लिसनर लावलेल्या क्रमाने तिथल्या तिथे चालतात, मगच खालची ओळ. लिसनरमध्ये जड काम घातलंत तर एमिट करणाराही तिथेच ताटकळतो.

आता लिसनर काढणं. यात मी स्वतः आठवडाभर पोळलोय.

आमच्याकडे ऑर्डरची स्थिती दाखवणारी स्क्रीन होती. ब्राउझरचा टॅब उघडला की वेबसॉकेट (ब्राउझर आणि सर्व्हरमधली उघडी राहणारी जोडणी) जोडला जायचा आणि त्याच्या नावाने एका सामायिक एमिटरवर लिसनर लागायचा. टॅब बंद झाला की 'ऑफ'ने तो काढायचा. कोड नीट वाचला तरी चूक दिसत नव्हती. सर्व्हर मात्र सकाळी हलका, दुपारी जड, संध्याकाळी रीस्टार्ट. कन्सोलवर इशारा यायचा: एकाच इव्हेंटवर 11 लिसनर झालेत, मेमरी गळत असावी. नोडची मूळ मर्यादा 10 आहे, अकराव्याला तो बोलतो.

नेटवर सल्ला मिळाला, 'सेटमॅक्सलिसनर्स'ला शून्य द्या, म्हणजे मर्यादाच नको. दिला. इशारा गेला, गळती तशीच. गॅसचा वास येतो म्हणून नाकाला रुमाल बांधण्यातला हा प्रकार, आणि आजही लोक तो बिनदिक्कत सुचवतात.

घोळ या दोन ओळींत होता (सोर्स म्हणजे तो सामायिक एमिटर, पाठव म्हणजे आमचा लिसनर):

सोर्स.ऑन('स्थिती', धिस.पाठव.बाइंड(धिस))
सोर्स.ऑफ('स्थिती', धिस.पाठव.बाइंड(धिस))

दिसायला जुळी भावंडं. पण बाइंड (फंक्शनला त्याचा 'धिस' चिकटवून देणारा) दर वेळी नवीन फंक्शन बनवून देतो. 'ऑफ' तेच फंक्शन शोधतो, तसंच दिसणारं नाही. सापडलं नाही तर एरर नाही, इशारा नाही, काहीच नाही. जागच्या जागी लिहिलेल्या अ‍ॅरो फंक्शनचीही हीच गत.

म्हणून बाइंड कन्स्ट्रक्टरमध्ये एकदाच करा: धिस.पाठव = धिस.पाठव.बाइंड(धिस). मग ऑन आणि ऑफ दोघांनाही नुसतं धिस.पाठव द्या. माझा हट्ट असा की ऑन लिहिल्या लिहिल्या त्याच्याच खाली, चहाला उठायच्या आधी, ऑफची ओळ लिहायची:

सॉकेट.वन्स('क्लोज', () => सोर्स.ऑफ('स्थिती', धिस.पाठव))

ती क्लोजवरच टांगा. सॉकेट एररने तुटला तरी मागोमाग क्लोज येतोच. इथलं अ‍ॅरो फंक्शन चालतं, कारण वन्स स्वतःचा लिसनर स्वतःच काढतो.

कंटाळून 'रिमूव्हऑललिसनर्स' मारू नका. सामायिक एमिटरवर तो शेजाऱ्याचेही लिसनर उपटतो, आणि मग शेजारचा टीममेट दोन दिवस त्याच्या फाइलीत बग शोधत बसतो.

खरोखरच जास्त लिसनर लागत असतील तर शून्य नको, खरा आकडा द्या. 50 दिलेत तर एक्कावन्नाव्याला तरी बोंब होईल. कुठल्या ओळीने मर्यादा ओलांडली ते बघायला नोड '--ट्रेस-वॉर्निंग्ज' लावून चालवा. एक लक्षात असू द्या, हा इशारा एका एमिटरच्या एका इव्हेंटसाठी एकदाच छापला जातो, तेव्हा नंतरच्या शांततेवर जाऊ नका.

तपासायला 'लिसनरकाउंट' पुरे. आकडा छापा, वीस टॅब उघडा, वीसही बंद करा, पुन्हा छापा. आधीचाच आकडा आला तर कोड मर्ज करा. एकनेही जास्त आला, तर कुठेतरी अजून एक बाइंड लपलाय.